औषधवाला नाव का कळवतो? तुम्ही विचारलेत म्हणून

‘गोळ्या विकणे तुमचे काम, क्षयरोग्याचे नाव सरकारला कळवायला तुम्हांला कुणी सांगितले?’ मालवण तालुक्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानात हे इतक्यांनी विचारले आहे की एकदाच लिहून टाकतो.

सांगितले कायद्याने. क्षयरुग्ण कळवणे २०१२ पासून डॉक्टरांना बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या राजपत्राने त्यांत औषधविक्रेतेही आले आणि न कळवल्यास कैदेची तरतूद झाली. कैदेची भीती नाही असे म्हणणार नाही, पण आमच्याकडे खरे कारण चाकरमान्यांच्या चिठ्ठ्यांत आहे. चिठ्ठी मुंबईच्या डॉक्टरांची, पत्ता लालबागच्या खोलीचा आणि माणूस इथे आईकडे येऊन राहिलेला. तिथल्या डॉक्टरांनी नाव कळवले असले तरी तो आता इथे आहे हे फक्त माझ्या नोंदवहीला ठाऊक असते. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. खोकला थांबला की गोळ्या सुटतात आणि अर्धवट सोडलेल्या औषधांना जंतू पुढे दाद देत नाहीत.

बाजारात मासे विकणाऱ्या एका बाईंचे तुम्हांला आठवत असेलच, कारण वाद घालताना तुम्ही तेच काढता. त्यांच्या मानेत गाठ होती, फुप्फुसांत काही नव्हते, म्हणजे त्यांच्यापासून कुणाला लागण होण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही क्षय कुठलाही असो, कळवावा लागतो, म्हणून मी कळवला. आरोग्य खात्याची जीप भरदुपारी थेट त्यांच्या दारात उभी राहिली आणि अंगणातूनच ‘टीबीचे पेशंट कोण?’ अशी हाक गेली. दुसऱ्या दिवशी बाजारात त्यांच्या पाटीतले बांगडे तसेच राहिले, शेजारणीची पाटी मात्र रिकामी झाली. संध्याकाळी ती पाटी घेऊनच त्या दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, ‘भाऊ, माजा नाव कित्याक दिलात? आता माजे मासे कोण घेतलो?’ क्षय माशांतून पसरत नाही, फुप्फुसांचा असला तरी तो हवेतून पसरतो, हे मी तिथल्या तिथे सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. कुणी मान हलवली नाही. पुढच्या गोळ्या त्यांनी माझ्याकडून घेतल्या नाहीत.

घरच्यांची तपासणी झाली, कुणाला काही निघाले नाही, आणि तुम्ही म्हणता, मग मिळवलेत काय? पोषणासाठीचे महिन्याचे पाचशे रुपये (आता हजार) त्यांना नोंदणीमुळेच मिळणार होते, हे मी सांगतो, पण न विकलेल्या मासळीपुढे ते फार बोलत नाही, हेही जाणतो. दोष जीपचा, नोंदीचा नव्हे, असे मी पूर्वी ठणकावून सांगत असे. आज तेवढ्या जोराने सांगत नाही, कारण नोंदीनंतर कुणीतरी दारात जाणार हे मला ठाऊक असतेच. आता मी आधी रुग्णाला विचारून फोन नंबर घेतो आणि ‘फोन करून, साध्या कपड्यांत या’ असे कळवतो. ते कधी पाळले जाते, कधी नाही.

नाव न सांगता सरकारी दवाखान्यात जाऊ म्हणाल, तर गोळ्या तिथे फुकट आहेत, पण नोंद तिथेही होते. उद्या तुमच्या घरची चिठ्ठी आली तरी मी ती कळवीन, आणि त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलाल की नाही, हे मला सांगता येत नाही.