पुण्यात सिंहगड रस्त्याला भाड्याचं वन बीएचके शोधताना

महिन्याला १८ हजार, आणि मेंटेनन्स, पाणी सगळं त्यातच बसवायचं, एवढं पक्कं करून मी माणिकबाग, हिंगणे, वडगाव, धायरी असा भाग पालथा घातला. स्वारगेटपासून लांब जावं तसं भाडं उतरतं, पण पाणी महागतं. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, तरी तिथल्या कित्येक सोसायट्या टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये चढतो. म्हणून घर बघण्याआधी वॉचमनला गाठायचं: पाणी किती वाजता येतं, मे महिन्यात टँकर किती लागतात? मालकापेक्षा त्याचं उत्तर जास्त भरवशाचं.

एजंटमार्फत गेलं की एक महिन्याचं भाडं ब्रोकरेजमध्ये जातं. ते वाचवायचं तर पायी फिरावं. लिफ्ट नसलेल्या जुन्या तीनमजली इमारतींचे मालक गॅलरीला पाटी लावतात, नाहीतर खालच्या वाण्याकडे सांगून ठेवतात. महिन्याच्या ५ ते १५ तारखेदरम्यान फिरलेलं बरं. एक महिन्याची नोटीस बहुधा भाडं देतानाच दिली जाते, त्यामुळे पुढच्या महिन्यात कोणती घरं रिकामी होणार ते तेव्हाच कळतं. जूनमध्ये कॉलेजच्या मुलांची गर्दी असते, तेव्हा भाव करता येत नाही.

घरात गेल्यावर बाथरूमच्या मागच्या भिंतीवर हात फिरवायचा. गार लागली, पांढरी भुकटी हाताला आली, किंवा फक्त कमरेइतकाच नवा रंग दिसला, तर आत ओल आहे. पावसाळ्यात त्या भिंतीला कपाट लावता येणार नाही.

खरी कसोटी कराराला. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?' असं सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात मुदत कितीही असो, लिव्ह अँड लायसन्स करार (घर भाड्याने देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे शांतपणे सांगितलं की बरेच मालक तयार होतात. काहींची अडचण वेगळी असते: स्वतः राहत असल्याची मिळकतकरातली ४० टक्के सवलत जाईल ही भीती. अशा घराचा नाद मी सोडला. करार नसेल तर डिपॉझिट परत मागायला हातात कागदच उरत नाही.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. भाडं १५ हजार, डिपॉझिट ५० हजार असेल तर अकरा महिन्यांचे १ लाख ६५ हजार, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं. शुल्क सव्वाचारशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. करार आधार आणि अंगठा लावून घरीच ऑनलाइन होतो, त्याचे एजंट वेगळे पैसे घेतात. मालकी खात्रीची आहे का ते सूची क्रमांक २ वर, म्हणजे मालकाच्या खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, बघावं.

मसुद्यात चार गोष्टी मी लिहूनच घेतल्या. मेंटेनन्स कोण भरणार. सोसायटीचा बिनभोगवटा आकार (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलची रक्कम) मालकाकडे. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे का, आणि किती. घर सोडल्यावर डिपॉझिट किती दिवसांत मिळणार. भांडणं जास्त होतात ती रंगावरून, म्हणून आकडा घातल्याशिवाय सही करू नये.

चावी घेताना महावितरणच्या मीटरचा फोटो काढावा, रीडिंग आणि मीटर नंबर दोन्ही दिसेल असा, आणि ग्राहक क्रमांक टाकून मागची थकबाकी तपासावी. तोच फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवावा.