कोबानची वेलची

कोबान, ग्वाटेमाला. रात्र.

दिवसभर चिपी-चिपी चालू होता. इथल्या भुरभुर पावसाला सगळे असंच म्हणतात. छत्री उघडायला लाज वाटावी इतका बारीक, पण तासाभरात शर्ट अंगाला चिकटतो. साधारण 1300 मीटर उंची, धुकं, डोंगरउतार आणि झाडांची सावली. वेलदोड्याला आणखी काय लागतं? केरळातल्या इडुक्कीच्या मळ्यांत फिरलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही.

वाशीच्या मसाला मार्केटात ग्वाटेमाला हे मालाचं नाव आहे. पोत्यात हात घालून, दाणा चिमटीत फोडून, ‘ग्वाटेमाला दिसतोय’ म्हणायचं आणि भाव पाडायचा. मीही वर्षानुवर्षं तेच केलंय. त्या नावाचा एक देश आहे, आणि वेलचीच्या निर्यातीत त्याने भारताला कधीच मागे टाकलंय, हे तोंडपाठ होतं. बाकी विचार कोण करतो?

आज वाळवणीच्या शेडमध्ये गेलो. खाली लाकडांची भट्टी, वर जाळीच्या तळाचे मोठे हौद, त्यांत ओली हिरवी बोंडं पसरलेली आणि पंख्याने खालून गरम हवा. दीड-एक दिवस हे चालतं. चार-पाच किलो ओल्या मालाचा जेमतेम किलोभर सुका निघतो. आच जरा चढली की हिरवा रंग पिवळा पडतो आणि भाव तिथेच घसरतो, म्हणून भट्टीवाला रात्रभर जागतो. मी मूठभर दाणे चाळले तर बऱ्याच सालींवर खरबरीत तपकिरी डाग. फुलकिडे. दाणा आत चांगला असतो, पण अरब गिऱ्हाईक आधी साल बघतं. शेडबाहेर सरपणाचा ढीग छपराच्या वर गेलेला. वेलचीला सावली देणारं जंगलच वेलची सुकवायला जळतंय, आणि यावर इथे कोणाकडे स्वस्त उत्तर नाही.

माल आणणारे बहुतेक केक्ची लोक, इथल्या मूळच्या माया समाजातले. बिघा-दीड बिघ्याचे शेतकरी. बोंडं बुंध्याशी, जमिनीलगत येतात, त्यामुळे चिखलात वाकून एकेक वेचायची. ती पाठीवरून रस्त्यापर्यंत आणली की तिथे दलाल उभा. त्याला इथे ‘कोयोते’ म्हणतात, म्हणजे कोल्ह्याच्याच जातीतला एक प्राणी. आमच्या मार्केटात असं तोंडावर कोणी म्हणत नाही इतकंच.

संध्याकाळी उतरलोय त्या घरच्या आजींनी काकिक वाढलं. टर्कीचा लालभडक रस्सा, वर कोबानची धुरावलेली मिरची. कोल्हापूरच्या माणसालाही घाम फुटावा. मी विचारलं, यात वेलची का नाही? आजी हसल्या. ‘बाळा, ते अरबांचं. कॉफीत घालतात म्हणे.’ त्यांच्या अंगात पांढऱ्यावर पांढऱ्या नक्षीचा विरविरीत, पिकबिल विणीचा सदरा होता. नक्षी दिसायला उजेडाकडे धरावा लागतो इतकं नाजूक विणकाम. वेलची पिकवणाऱ्या घरात वेलचीचा डबाच नाही! माझ्याजवळच्या पुडीतले चार दाणे ठेचून त्यांना चहा करून दिला. एक घोट घेऊन म्हणाल्या, ‘औषधाला ठीक आहे.’

हे पीक इथलं नव्हेच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्याने ते आशियातून आणलं. जर्मन त्याआधीच कॉफीसाठी आले होते. 1871 नंतर सत्तेवर आलेल्या उदारमतवाद्यांनी, विशेषतः हुस्तो रुफिनो बारिओसने, गावांच्या सामाईक जमिनी मळेवाल्यांना मोकळ्या केल्या आणि माया लोकांना सक्तीने मजुरीला जुंपायची सोय कायद्यातच केली. ज्यांची जमीन होती तेच तिच्यावरचे वेठबिगार झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे मळे सरकारजमा झाले, पण ते केक्चींकडे परत आले नाहीत. 1952 मध्ये राष्ट्राध्यक्ष हाकोबो आरबेन्झने जमीन वाटपाचा कायदा केला आणि 1954 मध्ये अमेरिकेच्या सीआयएच्या मदतीने त्यालाच उलथवण्यात आलं.

पुढचं यादवी युद्ध 1960 ते 1996. दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, बहुसंख्य माया. कोबानच्या पूर्वेला, पोलोचिक नदीच्या खोऱ्यात पानसोस आहे. 29 मे 1978 ला केक्ची शेतकरी जमिनीचा हक्क मागायला तिथल्या चौकात जमले आणि सैन्याने गोळ्या झाडल्या. सगळ्यांच्या पुढे होत्या आदेलिना काआल, लोकांच्या ‘मामा माकिन’. त्या तिथेच पडल्या.

याच काळात जगाच्या बाजारात ग्वाटेमालाची वेलची वाढत गेली. आमच्याकडे तेव्हा चर्चा एकच, की हा स्वस्त माल आपला भाव खातोय. स्वस्त का पडतो, हे एकाही व्यापाऱ्याने विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

उद्या नमुने सीलबंद करायचे. साहेबांनी फोनवर बजावलंय, डागांचा मुद्दा काढ आणि भाव आणखी खाली आण. डाग आहेत, खोटं काही नाही. पण खाली आलेला भाव निर्यातदार सोसणार नाही, कोयोतेही सोसणार नाही. तो थेट चिखलात वाकलेल्या पाठीवर जातो, हे आता मला माहीत आहे. डाग लिहीन. भावाचा आकडा साहेबांनी स्वतः कळवावा.