मुलीच्या मतपत्रिकेवर बस होती

2024 च्या ऑक्टोबरअखेरची गोष्ट. रात्रीचे साडेआठ झाले असतील. भरताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजून झाली होती, मी सालं काढत बसले होते आणि हाताची बोटं काळी. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ.

"आई, दोन दिवसांत मत द्यायला जाऊ राहिले, आणि अजून ठरत नाहीये."

ती अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात राहते. अटलांटा शहराच्या ईशान्येला ग्विनेट नावाची काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. तिथे मतदान एका दिवसात उरकत नाहीत, आधीचे दोन-तीन आठवडे केंद्रं उघडी असतात. पोरीने त्यातले बरेच दिवस घोळवण्यात घालवले होते. ट्रम्प की कमला हॅरिस, हा घोळ. किराण्याचे भाव बघितले की एकीकडे मन जायचं. पण सहा आठवड्यांनंतर गर्भपात बंद करणारा कायदा त्याच राज्यात लागू आहे, आणि हिच्या पदरी मुलगी. कमलाबाईंची आई मूळची तामिळनाडूची, त्याचं तिथल्या देशी बायकांना कोण कौतुक! "पण कौतुकावर मत द्यायचं का?" असं मलाच विचारायची.

जावईबापूंचं मात्र पक्कं ठरलेलं होतं. त्यांना मत नाही. अजून ग्रीन कार्डावर आहेत. घरात ज्याला मत नसतं त्याचंच बोलणं जास्त, हा अनुभव मला माझ्यावरूनही आहे, कारण पुढचा अर्धा तास मीच बोलत होते.

झालं असं, की त्या लांबलचक मतपत्रिकेवर खाली आणखी एक प्रश्न होता. काउंटीत बससेवा वाढवायला पुढची 30 वर्षं विक्रीकर एक टक्का जास्त घ्यायचा का? हो किंवा नाही. मी म्हटलं, परत सांग. तिने परत सांगितलं. सरकार बस काढायच्या आधी लोकांना विचारतं, आणि पैसे कुठून येणार तेही त्याच ओळीत सांगतं! मी चाळीस वर्षं मतदान करतेय. मला बसबद्दल, रेल्वेबद्दल कोणीच कधी काही विचारलेलं नाही.

आता मला या प्रश्नाचं एवढं का लागलं ते सांगते. 2023 च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे चार महिने होते. घर मोठं, अंगण मोठं, आणि मी कोंडवाड्यात. तिच्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर बस थांबतच नाही. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी कोणीतरी गाडी काढायची वाट बघा. एक दिवस मी हट्टाने निघाले. रस्त्याच्या कडेला फूटपाथ थोडा होता, मग संपला, मग नुसतं गवत. दहा मिनिटांत एका बाईने गाडी थांबवून विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? साडी नेसलेली बाई पायी चालतेय म्हणजे काहीतरी बिनसलंय, असंच तिला वाटलं असणार. वर्षानुवर्षं पीजेने नोकरी केलेली बाई मी!

पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, आमची छोटी गाडी. अडीच फुटांची लाईन, 56 किलोमीटर, आणि तेवढ्याला केवढा वेळ लागायचा. शेंदुर्णीहून वरखेडीच्या शाळेत मी तिनेच जायचे. डब्यात शिक्षक, दूधवाले, मेथीच्या जुड्यांची गाठोडी, बाजाराला निघालेल्या बायका. परीक्षेचे पेपर मी मांडीवर ठेवून गाडीत तपासलेत, एकदा एका पेपरावर शेजारणीच्या बरणीतलं लोणच्याचं तेल सांडलं, तर त्या पोराला मी दोन मार्क वाढवून दिले. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनला गाडी बंद झाली. बाकीच्या गाड्या हळूहळू सुरू झाल्या. ही झालीच नाही. आता म्हणतात मोठी लाईन होणार, जामनेरच्या पुढे थेट बोदवडपर्यंत, 84 किलोमीटर. मंजुरीही आहे. होईल तेव्हा होईल, पण छोटी बंद करू का, असं विचारायला आमच्या दारात कोणी आलं नव्हतं.

तर मी पोरीला म्हटलं, यात विचार कसला? हो म्हण.

ती गप्प. मग म्हणाली, "आई, सध्या सहा टक्के कर आहे, त्याचे सात होतील. किराण्यावरही बसेल तो. तीस वर्षं म्हणजे तुझी नात पस्तिशी ओलांडेल. आणि रेल्वे नाहीये यात. बसगाड्या आहेत, आणि मोबाईलवरून बोलवायच्या छोट्या गाड्या. वाटेत दुसऱ्यांनाही घेणार."

"म्हणजे काळीपिवळी," मी म्हटलं.

जावई मागून हसले. मग त्यांनी इतिहास काढला. अटलांटाची मार्टा म्हणून रेल्वे-बसची व्यवस्था आहे. 1971 मध्ये ग्विनेटच्या लोकांनी तिला मतदानाने नाकारलं. 1990 मध्ये परत नाही. 2019 मध्ये परत नाही. 2020 मध्ये वेगळी योजना आणली, ती हजाराच्या आसपास मतांनी पडली. पहिल्या नकारामागे पैशाइतकीच दुसरी भीतीही होती म्हणाले: शहरातले काळे लोक गाडीत बसून आपल्या वस्तीत येतील. मला वरखेडीचा डबा आठवला. आमच्याकडेही गावात कोणी कुठे बसायचं याचे नियम होतेच, पण पीजेच्या गर्दीत ते पाळायला जागाच नसायची.

दोन दिवसांनी तिने फोटो पाठवला. ड्रेसवर पीचच्या चित्राचं गोल स्टिकर, मत दिल्याचं. जॉर्जियाला पीचचं तसं कौतुक, जसं आपल्याला केळीचं. मी विचारलं, कोणाला? "ते नाही सांगायचं." बरं, आणि बस? बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं. मग आलं: "नाही म्हटलं. रागावू नकोस."

रागावले. उगाच कशाला खोटं बोलू? दोन दिवस फोन केला नाही. तिच्या राष्ट्राध्यक्षाचं मला काही वाटलं नाही, आपल्या प्रतिभाताई नाडगावच्या, आमच्याच जिल्ह्याच्या, 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा तरी मला कुठे मत होतं? आमदार-खासदारांनी दिली, आपण पेढे वाटले. पण बस? नंतर मनात आलं, कर तिने भरायचा, मी तर विमानाने परत आलेले. 5 नोव्हेंबरला ट्रम्प जॉर्जियात जिंकले आणि ग्विनेटमध्ये बस पुन्हा पडली.

मग आमची पाळी, विधानसभेची, 20 नोव्हेंबर. कपाशीची वेचणी ऐन भरात, आणि प्रचाराच्या गाड्या गल्लीत. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, कोण कोणाबरोबर हे बोटांवर मोजावं लागायचं. एका बाजूने लाडक्या बहिणीचे 1500 चे 2100 करू म्हटलं, दुसरीने 3000 आणि बायकांना एसटी फुकट. एसटीत अर्धं तिकीट तर 2023 पासून आहेच. लाडकी बहीण 65 ला संपते आणि मी 66 ची, म्हणजे मी कोणाचीच बहीण नाही! गल्लीतली जिजी ओट्यावर येऊन बसली.

"मास्तरीनबाई, तुमी कोनाले देऊ राह्यल्या?"

"तुम्ही?"

"मले तं दोन्हीकडून घ्याचं हाये. मत एकच हाये, हेच वाईट."

केंद्र गावातल्या माझ्याच जुन्या शाळेत होतं, मी शेवटची अकरा वर्षं शिकवलं त्याच वर्गात. फळ्यावर कोणीतरी पुसायचं विसरलेला सुविचार, अर्धा. मशीन ठेवलं होतं ते टेबल माझं, उजवा पाय तेव्हाही हलायचा, खाली पुठ्ठ्याची घडी अजून तशीच. मी पुठ्ठ्याच्या आड उभी राहिले. नावं वाचली. फुकट एसटी आणि अर्धी एसटी यांच्यात माझं मन होतं खरं, पण पाचोऱ्याला सकाळी जायची गाडी कोणत्या बटणात होती? नोटावर बोट नेलं, परत आणलं. कर्मचारी पोरगा माझाच विद्यार्थी. "बाई, झालं का?" मी दाबलं. व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती वाचताना मला वाटलं, अरे, हे का दाबलं मी?

संध्याकाळी पोरीला शाईचं बोट पाठवलं. तिने विचारलं, कोणाला? मी लिहिलं, ते नाही सांगायचं. तिने हसरं तोंड पाठवलं आणि मग फोनच केला. बसचा विषय दोघींनी काढला नाही. नात भारतात यायचं म्हणून उड्या मारत होती. सुट्टीत येणार होते, मुंबईहून रेल्वेने पाचोऱ्याला उतरणार होते, रात्री उशिरा.

"पाचोऱ्याहून पुढे कसं यायचं गं, आई?"

म्हटलं, गाडी सांगून ठेवते.