फोन तीन वर्षे मागे राहिला तेव्हा

हिंगोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांची तक्रार बहुतेक एकाच जातीची असते. खरिपाच्या ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतात उभ्या पिकाची फोटोसह सरकारदरबारी नोंद करण्याची, मुदत संपत आलेली असते, सोयाबीन शेतात उभे असते आणि अॅप फोनमध्ये घेता येत नाही किंवा अपडेट होत नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ही नोंद राज्यभर मोबाइलवरून होऊ लागली, तेव्हापासून प्ले स्टोअर ही शेतकऱ्याच्या दृष्टीने गंमतीची वस्तू राहिलेली नाही. पीक निघून गेले की बांधावर उभे राहून फोटो कशाचा काढायचा?

१२ सप्टेंबर २०२४ रोजी, गुरुवारच्या आठवडी बाजारात, साठी ओलांडलेले एक काका नातवाला घेऊन दुकानात आले. आदल्या दिवशी घरी महालक्ष्म्यांचे पूजन झाले होते, तरी मुदतीच्या काळजीने विसर्जनाच्या दिवशीच त्यांनी गाव गाठले होते. प्ले स्टोअर उघडले की ‘इंटरनेट कनेक्शन तपासा आणि पुन्हा प्रयत्न करा’ एवढाच मजकूर येत होता. “दुसऱ्या दुकानात दाखवला. ते म्हणाले, रिसेट मारावा लागेल. मारायचा का, भाऊ?” असे काकांनी विचारले.

रिसेट, म्हणजे फोनमधले सगळे पुसून तो नव्यासारखा करणे, हा शब्द ऐकला की मी पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो: जीमेलचा पासवर्ड माहीत आहे का? काकांना तो माहीत नव्हता. फोन विकणाऱ्यानेच खाते उघडून दिले होते आणि त्या वेळचा मोबाइल क्रमांकही आता बंद झाला होता. आमच्या भागात निम्म्याहून अधिक फोनांची हीच स्थिती असावी असा माझा अंदाज आहे. अँड्रॉइड ५.१ पासून अशी सोय आहे की सेटिंगमधील खाते न काढता रिकव्हरीतून, म्हणजे बंद फोनची बटणे दाबून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या पडद्यावरून, रिसेट केलेला फोन सुरू होताना आधीचेच खाते किंवा स्क्रीनचे जुने कुलूप मागतो. चोराला आवर घालण्यासाठी ती उत्तमच आहे, पण पासवर्ड विसरलेल्या मालकालाही ती दाराबाहेर उभे करू शकते. सेटिंगमधून रीतसर रिसेट केला तरी प्ले स्टोअरसाठी खाते पुन्हा घालावेच लागते. त्यामुळे खाते काढून परत जोडणे आणि रिसेट करणे हे दोन्ही उपाय मी त्याच क्षणी बाजूला ठेवले. जे करायचे ते खात्याला हात न लावता करायचे होते.

संदेश कनेक्शनचा असला तरी दोष कनेक्शनचाच असतो असे नाही. म्हणून मी काकांच्या फोनचे हॉटस्पॉट सुरू केले आणि माझा फोन त्याला जोडला. माझ्या फोनवर प्ले स्टोअर विनातक्रार उघडले. म्हणजे सिम, रिचार्ज आणि टॉवर या तिन्ही गोष्टी ठीक होत्या. उलट बाजूने काकांचा फोन दुकानाच्या वायफायला जोडला, तर तेथेही तोच संदेश आला. दोन्ही वाटांनी जर हाच फोन अडतो, तर अडवणूक फोनच्या आत आहे एवढे नक्की झाले.

आत पाहण्यासारखी ठिकाणे मोजकीच असतात. कोणी जाहिराती थांबवण्यासाठी व्हीपीएन, म्हणजे फोनचे इंटरनेट दुसऱ्याच वाटेने वळवणारे अॅप, घातले आहे का, हे वरच्या पट्टीतील किल्लीच्या चिन्हावरून कळते; ते नव्हते. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा; अँड्रॉइड ९ पासून आलेल्या प्रायव्हेट डीएनएसच्या रकान्यात एखाद्या बंद पडलेल्या सर्व्हरचे नाव भरलेले असेल तर फोनला कोणताच पत्ता सापडत नाही. तो रकाना मूळ स्थितीत होता. प्ले स्टोअर किंवा डाउनलोड मॅनेजर बंद केलेले नव्हते, डेटा वापरण्यावर बंधनही नव्हते. प्ले स्टोअरची कॅशे, म्हणजे त्याने तात्पुरती साठवलेली माहिती, पुसून पाहिली. ती पुसल्याने खात्याला काही होत नाही, आणि या वेळी दोषालाही काही झाले नाही.

तेवढ्यात नातू म्हणाला की व्हॉट्सअॅपही उघडत नाही, ते फोनची तारीख चुकली आहे असे सांगते. पण तारीख तर बरोबर आहे. मी पडदा पाहिला. १२ सप्टेंबर हीच तारीख होती आणि वेळही भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत होती. माझ्या आधी ज्या कोणी हा फोन पाहिला असेल, त्यानेही एवढेच पाहून समाधान मानले असणार.

उकल झाली ती कॉलच्या यादीमुळे. काकांचा क्रमांक जतन करण्यासाठी मी त्यांना माझ्या फोनवर रिंग द्यायला सांगितली. रिंग आली, पण त्यांच्या यादीत माझा क्रमांक वर दिसेना. सगळ्यात वर पोळ्याच्या सुमाराचे कॉल होते. यादी खालपर्यंत सरकवली तेव्हा आत्ताचा कॉल अगदी तळाशी, गेल्या कित्येक महिन्यांच्या कॉलच्याही खाली पडलेला सापडला. काका म्हणाले, “पोळ्यापासून असंच आहे. कोणाचा फोन येऊन गेला ते कळतच नाही. काल महालक्ष्म्यांसमोर नातीचा फोटो काढला, तोही दिसत नाही.” मी पुन्हा कुलूपबंद पडद्याकडे पाहिले. बाहेर गुरुवारचा बाजार भरलेला होता आणि फोनवर वार होता रविवार.

सेटिंगमध्ये पाहिले तर वर्ष २०२१ होते. पोळ्याच्या बाजारात त्यांनी फोनची बॅटरी बदलून घेतली होती. बॅटरी काढली की काही फोनांचे घड्याळ सॉफ्टवेअर तयार झाल्याच्या काळात जाऊन बसते. त्या वेळी सिम बाहेर असेल तर मोबाइल नेटवर्ककडून खरी वेळही मिळत नाही. बसवणाऱ्याने ‘स्वयंचलित तारीख आणि वेळ’ बंद करून हाताने तारीख लावली असावी. अँड्रॉइडच्या कॅलेंडरात महिना बोटाने सरकवता येतो, दिवस दिसतोच, वर्ष मात्र वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते आणि त्यावर मुद्दाम दाबल्याशिवाय ते बदलण्याची सोय समोर येत नाही. शिवाय कुलूपबंद पडद्यावर वार, दिवस आणि महिना असतो, वर्ष नसते.

वर्ष चुकल्याने प्ले स्टोअर का बंद पडावे, हे नातवाने विचारले म्हणून सांगतो. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असे नोंदलेले असते. गूगलच्या प्रमाणपत्रांची मुदत साधारण तीन महिन्यांची असते. फोन ती मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर दिलेले प्रमाणपत्र २०२१ मध्ये राहणाऱ्या फोनला अजून सुरूच न झालेले दिसते आणि तो जोडणी नाकारतो. त्याच फोनवरच्या क्रोममध्ये मी एक संकेतस्थळ उघडून पाहिले, तर ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ अशी स्पष्ट सूचना आली. प्ले स्टोअरने तेवढेच जरी सांगितले असते तरी काकांची एक खेप वाचली असती. पण ते प्रत्येक अपयशाला कनेक्शन असेच नाव देते. साध्या कॉलला आणि हॉटस्पॉटला या प्रमाणपत्रांशी कर्तव्य नसते, म्हणून ती दोन्ही कामे निर्वेध चालू होती.

स्वयंचलित वेळ सुरू करताच वर्ष २०२४ झाले आणि प्ले स्टोअर लगेच उघडले. ई-पीक पाहणीचे अॅप मात्र ‘प्रलंबित’ म्हणून अडून बसले, कारण इतके दिवस खोळंबलेली इतर अॅपची अपडेट एकदम सुरू झाली होती. ती सगळी थांबवली, मग त्याची पाळी आली. काकांनी शेतजमिनीचे खातेदार म्हणून अॅपमधली नोंदणी तेथेच करून घेतली. पिकाचा फोटो अर्थातच शेतात जाऊन काढायचा होता. शेजाऱ्याच्या फोनवरूनही नोंद करता येते हे मी त्यांना सुचवले होते, पण त्यांना ती आपल्याच फोनवरून करायची होती आणि त्यात मला काही वावगे वाटले नाही.

फोटोंचे काम थोडे राहिले. पोळ्यानंतर काढलेल्या प्रत्येक फोटोवर २०२१ चाच शिक्का बसला होता आणि घड्याळ दुरुस्त केल्याने तो आपोआप बदलत नाही. गॅलरीत खाली जाऊन मी ते शोधले, त्यांचा वेगळा अल्बम केला आणि तो कसा उघडायचा हे नातवाला दाखवून दिले.