नाव आणि लिंगनोंद बदलताय? दम शाळेसाठी राखून ठेवा

दहावीची नवी गुणपत्रिका काल हातात पडली, त्या आनंदाच्या भरातच लिहितेय. जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर ओळखप्रमाणपत्र मिळालं की काम फत्ते, असं मला जो तो सांगत होता. साफ खोटं. खरा घाट त्यानंतर लागतो, आणि तो शाळेत आहे.

मी 2023 मध्ये निघाले, ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा 2019 आणि 2020 च्या नियमांखाली. तुम्ही निघाल तेव्हा ताजे नियम वाचूनच निघा. मोबाइल आधारला जोडलेला आहे, कागद स्कॅन करता येतात, हे धरून चालते. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. कलम 6 साठी, म्हणजे या ओळखप्रमाणपत्रासाठी, डॉक्टरी तपासणी नियमात नव्हती. तरी माझ्याकडे रिपोर्ट मागितला गेला, मी दिला नाही. या प्रमाणपत्रावर लिंग 'ट्रान्सजेंडर' येतं. 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाचा दाखला जोडून कलम 7 खाली पुन्हा अर्ज. आणि हे नीट ऐका: आधारवर लिंग एकदाच बदलता येतं. कलम 7 पर्यंत जायचं नक्की असेल तर तोवर आधारला हात लावू नका.

पॅन, पासपोर्ट, मतदार कार्ड झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता शाळा. "जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, कोर्टाची ऑर्डर आणा." लिपिक हेच म्हणाले, मुख्याध्यापकही हेच. (जनरल रजिस्टर म्हणजे शाळेची विद्यार्थ्यांची मूळ नोंदवही.) बोर्डात गेले तर आधी शाळेचा दाखला दुरुस्त करून आणा. शाळेत परतले तर आधी बोर्डाचं पत्र. वकिलाने दाव्याची फी सांगितली. एजंटने राजपत्रात नावबदल छापायचे पैसे वेगळे लावले, जे काम शासकीय मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर आपलं आपण होतं. या दोघांना एक रुपया देऊ नका.

दावा लागतच नाही. 2020 च्या नियमांच्या परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे बदलता येणाऱ्या कागदांच्या यादीत, शैक्षणिक प्रमाणपत्रं स्पष्ट लिहिलेली आहेत. अर्ज दिल्यापासून 15 दिवसांत बदल करायचा आणि कागदाचा मूळ क्रमांक तोच ठेवायचा, असंही नियमांत आहे. क्रमांकाच्या त्या ओळीनेच माझी सुटका केली, कारण शाळेला भीती होती ती नोंद पुसली जाण्याची. नियमांची प्रत जोडा, अर्जावर आवक शिक्का घ्या आणि शांतपणे म्हणा, "नकार असेल तर लेखी द्या." लेखी नकार कुणालाच द्यायचा नसतो. मला चहा विचारला गेला तो त्या दिवशी पहिल्यांदा!

एकट्याने जाऊ नका. समोरचा जुन्या नावाने हाका मारत राहतो तेव्हा शेजारी आपलं माणूस लागतं. मूळ कागद टेबलावर सोडून येऊ नका. जुन्या दाखल्याच्या साक्षांकित प्रती कितीही नकोशा वाटल्या तरी जपा. पदवीसाठी विद्यापीठात जुनं आणि नवं नाव जोडून दाखवावं लागतं, आणि माझं ते काम अजून बाकी आहे.