कुडाळमधून मालिकेपर्यंत: माझा अनुभव

मालिकेत काम करायचं तर मुंबईत जाऊन राहायला हवं, असं आमच्याकडे सगळेच धरून चालायचे. २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, तिचं चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीत व्हायला लागलं आणि ते चित्र बदललं. मी तेव्हा कॉलेजात होते. कणकवलीची नाथ पै एकांकिका स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा अशी कामं चालू होती. मालिकावाले आपल्या अंगणात आलेत, मग आपण प्रयत्न का करू नये, असं मनाने घेतलं.

माझी खरी शाळा मात्र दशावतार, आमच्याकडचं जत्रेतलं लोकनाट्य. आमचे काका दशावतारी कंपनीत स्त्रीपार्ट करायचे. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, त्यामुळे मला तिथे उभं राहायला जागा नव्हती. पण जत्रेच्या रात्री मी कंपनीच्या सामानाच्या पेट्यांजवळ बसून त्यांना तोंड रंगवताना बघायचे. संहिता नसते, आख्यान कुठलं ते ठरतं, प्रसंग वाटले जातात आणि संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. समोरचा काय टाकेल याचा नेम नाही. काका मला एकच सांगायचे, "चेडवा, आदी आयक, मगे बोल." म्हणजे, मुली, आधी ऐक, मग बोल.

ऑडिशनची पहिली पायरी म्हणजे मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ करून पाठवणं. आधी नाव, वय, उंची, गाव, मग डावी-उजवी बाजू, दोन्ही हात आणि शेवटी त्यांनी पाठवलेला प्रसंग पाठ करून. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या. त्या लाल रंगापुढे चेहरा उठेना. म्हणून मागे फिकट चादर टांगली आणि उजेड समोरून यावा म्हणून पडवीत उभी राहिले. समोरच्या पात्राची वाक्यं आई वाचायची, तीही अगदी मन लावून. व्हिडिओ पाठवायला रेंज मिळेना की सड्यावर, गावाबाहेरच्या उंच माळावर जायचं. कित्येक व्हिडिओंना उत्तरच आलं नाही. ते तसंच असतं, नव्या मुलींनी ते मनाला लावून घेऊ नये.

मधल्या काळात मालिकांसाठी कलाकार शोधणाऱ्या एका समन्वयकाने "भूमिका पक्की आहे, फक्त नोंदणीचे पैसे भरा" म्हणून फोन केला. बाबांनी विचारलं, "काम तू करणार, मग पैसे त्यांनी द्यायचे की आपण?" मी त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. ऑडिशनला पैसे लागत नाहीत, हे आमच्या भागातल्या प्रत्येक मुलीच्या घरी माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

शेवटी जिल्ह्यातच चित्रीकरण असलेल्या एका मालिकेने बोलावलं. पाठ केलेला प्रसंग झाल्यावर दिग्दर्शक म्हणाले, "आता पाठ केलेली वाक्यं सोडून बोला. सासूबाई अचानक आत आल्यात." इतर मुली गोंधळल्या. मला जत्रेतला रंगमंचच दिसला. मी आधी सासूचं पूर्ण ऐकून घेतलं, मग बोलले. पुढे पात्राच्या वेशात कशी दिसते ते बघणारी लूक टेस्ट झाली आणि शेजारणीची भूमिका मिळाली.

पहिल्याच दिवशी विळीवर नारळ खवता खवता बोलायचं होतं. आधी मास्टर घेतला, म्हणजे संपूर्ण प्रसंग सलग एका शॉटमध्ये, मग समोरच्या बाईंच्या खांद्यावरून माझा शॉट, मग क्लोज, म्हणजे फक्त चेहरा. मास्टरमध्ये कुठल्या शब्दावर हात थांबला, वाटी किती खवून झाली होती, पदर कुठल्या खांद्यावर होता, सगळं दर वेळी तसंच यायला हवं. नाही तर संकलनात जोड बसत नाही. त्यासाठी सहायकाने तेवढ्याच खवलेल्या वाट्या रांगेने मांडून ठेवल्या होत्या. माझा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायच्या सवयीचा होता. ध्वनिमुद्रकाने दोनदा खूण करून तो निम्म्यावर आणायला लावला. त्यात कौलांवर पाऊस पडायला लागला की सगळे हात बांधून बसायचे. क्लोज देताना मला काकांचं ते "आदी आयक" कामी आलं. आपलं वाक्य नसतानाही कॅमेरा आपल्यावर असतो, आणि तेव्हा खरोखर ऐकत असलेला चेहरा वेगळा दिसतो. शेजारीण चार प्रसंगांपुरती होती, ती पुढे कथेत राहिली, याचं श्रेय मी त्या ऐकण्यालाच देते.

पैशांचं आधी समजून घ्यावं. मानधनाची बोली दिवसावर होते, शिफ्ट बारा तासांची, आणि मानधन बहुतेक वेळा नव्वद दिवसांनी हातात येतं. त्यातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, जातो, म्हणून पॅन कार्ड तयार ठेवायचं आणि विवरणपत्र भरायचं. उत्पन्न करपात्र नसेल तर ती रक्कम परत मिळते. पहिले तीन महिने घरून पैसे घ्यावे लागतात, त्याची तयारी असलेली बरी.

त्या कामावरून एका चित्रपटात छोटी भूमिका मिळाली आणि मग ठाण्याला घोडबंदर रोडवर सेट असलेल्या मालिकेत नायिकेच्या बहिणीची. ऑडिशनला रात्री कुडाळहून कोकणकन्या पकडायची आणि सकाळी ठाण्याला उतरायचं. करार मी आईबाबांसोबत बसून ओळीन् ओळ वाचला. किती दिवस बांधून घेणार, दुसरं काम करू देणार का, हे विचारलं. कणकवलीच्या स्पर्धेसाठी सुट्टी हवी, हेही मांडलं. निर्मात्यांनी ती अट मान्य करून करारात लिहून दिली. यंदाच्या एकांकिकेच्या तालमी सुरू झाल्यात. रविवारची सुट्टी जोडून मी कुडाळला येते.