चौदाव्या वर्षीचा जबडा
वीस वर्षे जबड्याच्या शस्त्रक्रिया करूनही एका चौदा वर्षांच्या मुलीचा ओपीजी, म्हणजे सगळा जबडा एकत्र दाखवणारा एक्स-रे, मी अजून अधूनमधून काढून पाहते. डाव्या गालावर सूज घेऊन ती आमच्याकडे आली, तोवर तालुक्याला दोनदा अँटिबायोटिक देऊन एक निरोगी दाढही उपटून झाली होती. आधी एक्स-रे काढावा, हे मात्र कुणाला सुचले नव्हते. पहिल्या दाढेपासून थेट कानाखालच्या हाडापर्यंत काळी पोकळी दिसत होती आणि न उगवलेली दुसरी दाढ जबड्याच्या खालच्या कडेला ढकलली गेली होती. बोटाने दाबले की हाड अंड्याच्या टरफलासारखे करकरत असे. बायोप्सीत युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमा निघाला, म्हणजे कर्करोग नव्हे, पण हाड पोखरत जाणारी, एकाच पोकळीची गाठ.

भोवतालच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर निरोगी हाडासह जबडा कापून तिथे पायातले फिब्युला हाड बसवणे, हा खात्रीचा मार्ग वाढत्या वयात मला नको होता. म्हणून आतला दाब उतरून पोकळी आकसावी यासाठी तिला खिडकी पाडून नळी शिवली. ऊसतोडीच्या कोपीत राहून तिच्या आईने आठ महिने, दिवसातून दोनदा, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने ती सिरिंजने धुतली. आमच्या वॉर्डात इतक्या नेटाने कुणी धुतली नसती. पोकळी निम्म्याहून लहान झाल्यावर भूल देऊन गाठीची पिशवी सोलून काढली. तळाशी खालच्या ओठाला संवेदना देणारी नस पांढऱ्या दोऱ्यासारखी उघडी पडली होती. ती व्हॅसलीनच्या गॉजने झाकून उरलेल्या हाडाला तीन मिनिटे कार्नॉयचे द्रावण, म्हणजे मागे राहिलेल्या पेशी जाळणारे औषध, लावले.

अखंड पिशवीच्या तपासणीत मात्र एका जागी गाठीच्या पेशी भिंतीत शिरलेल्या आढळल्या. हा म्यूरल प्रकार बायोप्सीच्या इवल्याशा तुकड्यात आलाच नव्हता. "आता कापून मोकळ्या व्हा," वरिष्ठ म्हणाले. त्यांचे चुकले नव्हते, कारण ही गाठ दहा वर्षांनीही उलटते, आणि जो रुग्ण परत येत नाही तो बरा झाला असे धरून चालण्याची आम्हा सर्जन मंडळींना जुनी खोड आहे. मी जबडा ठेवला.

पुढच्या ओपीजीसाठी कार्डावर दिवाळीनंतरची तारीख लिहिली, तेव्हा वडील संकोचाने म्हणाले, "मॅडम, आमची दिवाळी फडातच असती. टोळी दसऱ्याला निघंल." मी तारीख खोडून दसऱ्याआधीची घातली.